मेन पाडणाऱ्या मॅडम

आमच्या उपविभागात त्या रुजू झाल्या, तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी खुर्चीमागच्या भिंतीवरचा प्लग उघडून पाहिला. आत अर्थिंगची तार गुंडाळी करून कोंबलेली होती, जोडलेली नव्हती. जिल्ह्यातल्या सरकारी इमारतींची वीज, लिफ्ट, जनरेटर, पाण्याचे पंप, आगीची घंटा हे सगळं सांभाळणारी आमची कचेरी, आणि ही तार उपअभियंत्याच्याच खोलीत. त्यांनी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला, तार जोडली, हात पदराला पुसले आणि मग हजर झाल्याच्या कागदावर सही केली. हार घेऊन आलेला शिपाई तोवर दारातच उभा होता. हार त्यांनी घेतला, टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "बाकीच्या खोल्यातबी असंच हाय का?"

मी शाखा अभियंता होते. त्या आधीची दोन वर्षं मी त्याच इमारतीत बसून काढली होती. मला माहीत नव्हतं.

त्या पन्नाशीच्या होत्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात प्लास्टिकच्या पट्ट्याचं घड्याळ. पॅनेल उघडायचं झालं की हातातल्या दोन बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं असं सगळं काढून एका स्टीलच्या डब्यात ठेवायच्या आणि डबा जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यायच्या, मग तो माणूस कोण आहे हे पाहायच्या नाहीत. एकदा तो डबा एका तहसीलदार साहेबांच्या हातात गेला. पाऊण तास ते तो छातीशी धरून उभे होते.

उपविभागातले वायरमन त्यांना पाठीमागे 'मेन पाडणाऱ्या मॅडम' म्हणत. मेन पाडणं म्हणजे इमारतीचा मुख्य स्विच बंद करणं. आमच्याकडे दरवर्षी मार्च ते मे हा वार्षिक तपासणीचा हंगाम. पावसाळ्याच्या आत प्रत्येक यंत्रणा चालवून पाहायची, दुरुस्त करायची, आणि तसा अहवाल द्यायचा. प्रत्यक्षात अहवाल गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, तयार करून आणायचा. गुत्तेदाराच्या माणसाने जनरेटरचं बटण दाबायचं, तो घरघरला की पुन्हा बंद करायचा, आणि खाली लिहायचं, 'यंत्रणा सुस्थितीत आहे.' आम्ही सही करायचो. मॅडमना तो 'सुस्थितीत' शब्द दिसला की लाल पेनाने त्यावर आडवी रेघ मारायच्या आणि बाजूला लिहायच्या, काय पाहिलं ते लिहा.

"कागद चालू हाय गं," त्या मला म्हणायच्या, "मशीन चालू हाय का ते सांग."

जनरेटर खरंच चालतो का हे पाहायचं असेल तर वीज खरोखर गेली पाहिजे, हे त्यांचं साधं म्हणणं. म्हणून त्या मेन पाडायच्या. आधी लेखी कळवून, वेळ ठरवून, सगळ्यांना विचारून, पण पाडायच्या. कचेऱ्यांमध्ये त्यांच्या तारखेची धास्ती असायची. कुणाचा संगणक बंद पडायचा, कुणाची सभा अंधारात जायची.

लिफ्टच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता. अहवालावर ज्याची सही, तो आत बसणार. एका तीन मजली कचेरीच्या लिफ्टचा अहवाल घेऊन गुत्तेदाराचा एक गुळगुळीत बोलणारा प्रतिनिधी आला होता. वीज गेली तर बॅटरीवर लिफ्ट आपोआप जवळच्या मजल्याला येते आणि दार उघडतं, असं त्यात लिहिलेलं. मॅडम त्याला आणि मला घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या, दुसऱ्या मजल्याचं बटण दाबलं, आणि खाली वायरमनने ठरल्याप्रमाणे मेन पाडला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आणि थांबूनच राहिली. बॅटरी केव्हाच मेलेली होती.

मी घाबरले होते, हे कबूल करते. बाहेरून दार उघडायला वायरमनला बराच वेळ लागला. मॅडमनी पर्समधून भाजलेल्या शेंगांची पुडी काढली. प्रतिनिधीला त्याच्या मुलांची नावं विचारली, कुठल्या शाळेत आहेत ते विचारलं, आई-वडील कुठं असतात ते विचारलं. तो घामाघूम झाला होता. शेवटी त्या शांतपणे म्हणाल्या, "हितं पेन्शनीच्या कामाला म्हातारी माणसं येत्यात. त्यांच्याजवळ शेंगाबी नसत्यात."

त्यानंतर त्या कंपनीची माणसं मॅडम यायच्या आदल्या दिवशी नवी बॅटरी बसवून ठेवू लागली. मॅडमना ते कळलं होतं. त्या म्हणाल्या, भीतीनं बसवली तरी बॅटरी बॅटरीच असते.

एप्रिलमध्ये त्यांचं आणखी एक प्रकरण सुरू व्हायचं. प्रत्येक इमारतीभोवती अर्थिंगचे खड्डे असतात. यंत्रातून वीज कुठं झिरपली तर ती तारेवाटे या खड्ड्यातून जमिनीत जाते. पण माती ओली असेल तरच. माती कोरडी पडली की वीज वाट शोधत जो हात लावेल त्याच्याकडे येते. आता आमच्याकडे एप्रिलमध्ये माणसाला पाणी मिळायची मारामार, तिथं खड्ड्याला कोण घालणार? मॅडम रोज सकाळी कपडे धुतलेलं पाणी कॅनमध्ये भरून स्कूटीवर पायाशी ठेवून आणायच्या आणि एकेका कचेरीच्या मागे जाऊन लोखंडी झाकण उचलून ओतायच्या. भांडी विसळलेलं, हात धुतलेलं पाणी जपून ठेवा असं त्यांनी सगळ्या कचेऱ्यांना पत्राने कळवलं होतं. पत्राची टिंगल झाली. एका शिपायाने त्यांना तोंडावर विचारलं, "मॅडम, हितं काय उगवायचं हाय?"

"काही वर येऊ न्हाई म्हणूनच घालतीय," त्या म्हणाल्या आणि रिकामा कॅन त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून तो शिपाई पाणी घालू लागला. का ते त्याने कधी सांगितलं नाही.

त्या नेकनूरकडच्या. यजमान तिथंच शाळेत मास्तर होते. आठवडाभर त्या शहरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या आणि शनिवारी एसटीने गावी जायच्या. आई-वडील ऊसतोडीला माजलगावकडे जात, तेव्हा लहानपणी त्याही बरोबर असायच्या. एकदा पंप तपासायला पालीला गेलो होतो, तिथं लिंबाखाली भाकरी खाताना त्यांनी मला हे सांगितलं. कारखाना सगळा उजेडात न्हायलेला असायचा आणि त्यांच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, अंधार. विजेचा शेवटचा खांब कोपीपासून शंभर पावलांवर. "मी मोजलीती पावलं," त्या म्हणाल्या. "मला रोज वाटायचं, लाईट एवढ्या लांबून आली आन हितंच कावून अडली?" त्यात दुःख सांगितल्याचा भाव नव्हता. बहुधा ती त्यांची पहिली तपासणी होती.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

तालुक्याच्या एका गावी सरकारी रुग्णालय होतं. तिथं नवजात बाळांचा वेगळा कक्ष होता. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं, त्यांना ऊब देणारी यंत्रं, निळ्या दिव्याखाली ठेवलेली एखाद-दोन कावीळ झालेली. मॅडमनी कळवलं की या रुग्णालयाचा जनरेटर यंदा नुसता घरघरवून पाहायचा नाही, मेन पाडून पाहायचा. अधीक्षकांनी नकार दिला. बाळांच्या जिवाशी खेळ नको, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. मॅडम त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्या कक्षाच्या प्रमुख सिस्टरांकडे गेल्या. सिस्टर निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी एवढंच विचारलं, "दिवसा करणार ना?"

"सकाळी अकराला. तुमच्या दोन्ही पाळ्यांच्या बाया बोलावून घ्या."

सिस्टरांनी कागद घेतला. कुठल्या बाळाला काय लावलंय, ऑक्सिजनचे भरलेले सिलिंडर कुठं ठेवायचे, कुणी कुणाजवळ उभं राहायचं, हे दोघींनी मिळून लिहिलं. मग अधीक्षकांनीही नाइलाजाने सही केली. कक्षात यंत्रांपुरता छोटा इन्व्हर्टर होता, त्यामुळे जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद तसाही धोका नव्हता. मेनजवळ एक वायरमन उभा केला, फोन चालू ठेवून, की आवाज दिला की लगेच स्विच वर.

अकरा वाजता मेन पाडला. कक्ष क्षणभर अंधारला. लांबून जनरेटरने धरल्याचा, सुरू झाल्याचा आवाज आला, ट्यूबलाइट उजळल्या, पंखा फिरला. बाळांजवळच्या सिस्टरांनी एकमेकींकडे पाहून मान हलवली. मी वहीत वेळ लिहिली. अधीक्षक म्हणाले, झालं तर मग.

मॅडम कोपऱ्यात इन्व्हर्टरपाशी उभ्या होत्या. इन्व्हर्टर बॅटरीवर चालू असला की थांबून थांबून टिक टिक वाजतो, आणि वीज आली की गप्प होतो. वीज तर आली होती. तो वाजतच होता.

"ह्यो अजून कावून वाजतोय?" त्यांनी विचारलं.

एक तरुण सिस्टर म्हणाली, तो नेहमीच वाजतो, लाईट गेली की वाजतो, आम्हाला सवय आहे.

इन्व्हर्टरला वीज देणाऱ्या प्लगला मॅडमनी टेस्टर लावला, तो पेटला नाही, तेव्हा फोनवर मेन वर करायला सांगितलं. टिक टिक थांबली.  तेवढ्यात मला समजलं. कक्षातले दिवे-पंखे जनरेटरवर होते. बाळांच्या यंत्रांचे प्लग जनरेटरवर नव्हतेच. फरशी बदलताना, रंग देताना कुणीतरी त्या प्लगांची तार जवळच्या साध्या, जनरेटर नसलेल्या पॅनेलला जोडून टाकली होती. दिवे लागायचे, म्हणून सगळ्यांना वाटायचं जनरेटर चालू आहे. यंत्रं मात्र त्या छोट्या बॅटरीवर असायची, फार तर अर्धा तास. प्रमुख सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, गेल्या पावसाळ्यात एकदा यंत्रं बंद पडायला आली होती, तेवढ्यात लाईट आली.

गेल्या वर्षीच्या, मॅडम यायच्या आधीच्या अहवालात लिहिलेलं होतं, 'सर्व कक्षांना जनरेटरचा पुरवठा मिळतो. यंत्रणा सुस्थितीत आहे.' खाली सही माझी होती.

मॅडमना ते ठाऊक होतं. फाईल त्यांनी आदल्या दिवशीच वाचली होती. त्यांनी वायरमनला बोलावलं. त्याच दिवशी तार योग्य पॅनेलला जोडून घेतली, पुन्हा मेन पाडला, टिक टिक थांबलेली ऐकली आणि मगच आम्ही निघालो. गाडीत मीच शेवटी म्हणाले की गेल्या वर्षीची सही माझी आहे. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "मी माझा अहवाल लिहिणार, तार कुठं होती ते लिहिणार. तुझा कागद फायलीत हाय. तो मी फाडणार न्हाई, आन कुणाला नेऊन दाखवणारबी न्हाई. तुझं तू ठरव."

दुसऱ्या दिवशी गुत्तेदार आला. तार जोडून झाली आहे, आता अहवालात मागचं कशाला उगाळायचं, सगळ्यांनाच त्रास, असं तो मला समजावत होता. वरच्या साहेबांनीही फोनवर जवळजवळ तेच सुचवलं, फक्त शब्द चांगले वापरले. घरी मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, नोकरीवर येईल का? मी म्हटलं, येऊ शकतं. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, शेजारच्या खोलीत झोपली होती. तीही वेळेआधी झालेली. असल्याच एका कक्षात बारा दिवस होती. हे मी मॅडमना तोवर सांगितलं नव्हतं, नंतरही सांगितलं नाही.

मी लिहिलं. गेल्या वर्षी मी प्रत्यक्ष तपासणी न करता अनवधानाने सही केली, असं स्पष्ट लिहिलं आणि कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. मनातून मला वाटत होतं की त्या माझ्या खांद्यावर हात ठेवतील. त्यांनी कागद वाचला, लाल पेन काढला आणि 'अनवधानाने' या शब्दावर रेघ मारली.

"अनवधानानं न्हाई," त्या म्हणाल्या. "मार्चअखेर होती, गठ्ठा मोठा होता, तुला घरी जायचं होतं. खरं का न्हाई?"

खरं होतं. मी तो शब्द काढून कागद नव्याने लिहिला. आयुष्यात मी पुष्कळ अहवाल लिहिले, पण तेवढा लहान आणि तेवढा जड दुसरा लिहिला नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. माझ्याकडून खुलासा मागवला, एक वेतनवाढ रोखली. पण मॅडमचं प्रकरण वेगळंच पेटलं. अधीक्षकांनी वर तक्रार केली की या बाईंनी बाळांची वीज तोडली. एका स्थानिक पेपरात तसाच मथळा आला. चौकशीला दोन अधिकारी आले. मॅडमनी त्यांना तीन ओळी लिहून दिल्या. पुरवठा मी बंद केला. बाळांच्या यंत्रांना जनरेटर जोडलेला नव्हता हे त्यामुळे समजले. उपस्थितांची नावे सोबत आहेत. याहून जास्त एक शब्द त्या बोलायला तयार नव्हत्या. मी चिडले. त्यांना म्हटलं, तुमची बाजू तरी नीट मांडा. त्या म्हणाल्या, "बाजू कशाची? झालं ते लिहिलंय."

बाजू मांडली ती प्रमुख सिस्टरांनी. ज्या अधीक्षकांच्या हाताखाली त्या काम करत होत्या, त्यांच्याच समोर बसून त्यांनी सांगितलं की परवानगी मी दिली, यादी मी केली, आणि हे झालं नसतं तर एखाद्या पावसाळ्यात माझ्या हातातलं बाळ गेलं असतं. निवृत्तीला सहा महिने राहिलेली बाई. त्या खोलीबाहेर आल्या. मॅडमनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि दोघी कितीतरी वेळ गुडघेदुखीवर बोलत बसल्या.

चौकशी मिटली. मॅडमना लेखी ताकीद मिळाली, पुन्हा असे करू नये. त्यांनी ती वाचली आणि मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची तारीख टाकून ठेव." पुढच्या वर्षी तारीख कळवायची वेळ आली, तेव्हा आमच्या पत्राआधी रुग्णालयाचंच पत्र आलं. अधीक्षकांनी स्वतःच विचारलं होतं, मेन कधी पाडता? पत्रात मागच्या वर्षाचा उल्लेख नव्हता. मॅडमनीही तो कधी काढला नाही. दोघं जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी एकमेकांना नमस्कार केला आणि उन्हाळा फार आहे असं म्हटलं.

त्यानंतर मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली. त्या सोप्या होत्या असं कुणी समजू नये. रजेच्या दिवशी फोन करायच्या. माझं अक्षर वाईट आहे हे चारचौघात सांगायच्या. दोन वायरमन त्यांच्या जाचाला कंटाळून बदली घेऊन गेले, आणि त्यांचं सगळंच चुकलं होतं असं नाही. आभार मानणं आणि कौतुक करणं त्यांना जमत नसे. माझं कौतुक त्यांनी एकदाही केलं नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा उपविभागाचा पदभार माझ्याकडे आला, मला बढती मिळाली होती. चार्ज देणं-घेणं म्हणजे एरवी अर्ध्या तासाचं काम, चहा पीत दोन सह्या. मॅडमनी अकरा दिवस घेतले. एकेक इमारत, एकेक पॅनेल, एकेक पंप त्यांनी मला चालत जाऊन दाखवला. कुठल्या झाकणाचा स्क्रू डावीकडे फिरतो, कुठल्या गच्चीवर मधमाश्या आहेत, कुठल्या पहारेकऱ्याला कानाने कमी ऐकू येतं, हे सगळं. कचेरीत निरोपसमारंभाची तयारी चालली होती आणि आम्ही दोघी उन्हात हिंडत होतो.

शेवटचं राहिलं होतं ते रुग्णालय. जुन्या सिस्टर केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, नव्या सिस्टरांनी यादी करून ठेवली होती. अकरा वाजत आले. कक्षाच्या बाहेर मुख्य पॅनेलची खोली होती, तिथून काचेतून आतली बाळं दिसत. दरवर्षी मेन मॅडम पाडत किंवा त्यांच्या सांगण्यावरून वायरमन पाडत असे. त्या दिवशी त्या बाजूला सरकल्या.

"पाड," त्या म्हणाल्या.

मी हात वर नेला. काचेपलीकडे एक बाळ मुठी हलवत होतं. मी सगळं स्वतः तपासलेलं होतं, तार माझ्या हाताने ओढून पाहिली होती, तरी हात थांबला. मॅडमनी घाई केली नाही. मी मेन पाडला.

अंधार झाला. मी मनात आकडे मोजत काचेकडे पाहत राहिले. सहा झाले, सात झाले. मागे न वळताच मॅडमना म्हणाले की आता धरेल, आणि उत्तर आलं नाही. आठव्याला जनरेटरने धरलं, कक्ष उजळला, आतल्या सिस्टरांनी हात वर करून सगळं ठीक असल्याची खूण केली. मी वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. मॅडम जिन्याच्या अर्ध्यात पोचल्या होत्या, कठड्याला धरून, बूट जपून टाकत, खाली उतरत होत्या. दिवे यायच्या आधीच त्या निघाल्या होत्या.